सोलापूरचा पाऊस पूर्वेकडून येतो

जुलै महिन्यात सोलापूरकराचं लक्ष आभाळाकडे कमी आणि दौंडकडे जास्त असतं. दौंडवरून भीमेत किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग सुरू आहे, उजनी धरण मायनसमधून प्लसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या वर, कधी येणार, याच्या गप्पा नव्या पेठेपासून होटगी रस्त्यापर्यंत रंगतात. टीव्हीवर लोणावळ्याचे धबधबे आणि खडकवासल्याचे उघडलेले दरवाजे दिसतात. इकडे मात्र वारं सुटलेलं, ढग घाईघाईने पुढे पळताहेत, आणि अंगण भिजेल एवढाही पाऊस नाही. उजनी भरते ती पुणे जिल्ह्यातल्या घाटाच्या पावसावर. सोलापुरात काय पडलं, याच्याशी तिचा फारसा संबंध नसतो.

मग सोलापूरचा स्वतःचा पाऊस कुठला? शाळेत आपण सगळ्यांनी एक उत्तर पाठ केलं: नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्री त्यांना अडवतो, पलीकडचा भाग पर्जन्यछायेत राहतो. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. त्यातून सोलापुरात पाऊस का पडत नाही ते कळतं. जो पडतो तो का पडतो, हे कळत नाही. आणि पडतो तर नक्की. जिल्ह्याची वार्षिक सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला पंचावन्न हजार लिटर पाणी येतं. कमी असेल, पण नगण्य नाही.

दोनदा डोक्यावर येणारा सूर्य

हवामानाची गोष्ट उन्हापासून सुरू होते, आणि उन्हाबद्दल सोलापूरकराला कोणी शिकवायची गरज नाही. तरीही एक गंमत सांगतो. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो: एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास सरळ उभ्या खांबाची सावली गायब होते. (बाराला नाही, कारण भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत.)

सूर्य दोन्ही वेळा सारखाच माथ्यावर. पण मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि ऑगस्टमध्ये एकतीस-बत्तीसच्या आसपास राहतो. फरक सूर्यात नाही, जमिनीत आणि आभाळात आहे. ऑगस्टमध्ये ढग बरंचसं ऊन वरच्या वर परतवून लावतात. जे खाली पोचतं त्यातलं बरंच ओल्या मातीतल्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होतं. मे महिन्यात ढग नाहीत आणि मातीत ओलही नाही, त्यामुळे आलेली सगळी उष्णता जमीन तापवण्याच्या कामी लागते. हवा तापते ती मुख्यतः या तापलेल्या जमिनीमुळे, थेट उन्हाने फारशी नाही. म्हणूनच सर्वांत कडक तापमान भर दुपारी बाराला नसतं, तीनच्या सुमारास असतं.

मुंबई जवळपास याच अक्षांशांच्या पट्ट्यात, तिथे मेचं कमाल तापमान तेहतीस-चौतीसच्या घरात. कारण समुद्र. पाणी तापायला मातीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते, शिवाय दुपारी समुद्रावरून गार वारा आत शिरतो. सोलापूरपासून समुद्र अडीच-तीनशे किलोमीटर दूर आहे आणि मध्ये डोंगर, त्यामुळे ती सोय आपल्याला नाही. पण कोरडेपणाचे फायदेही आहेत. एप्रिलच्या दुपारी इथली सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. अशा हवेत घाम लगेच वाळतो, माठातलं पाणी खरोखर गार होतं आणि वाळ्याच्या ताट्या लावलेला साधा कूलर मुंबईतल्या महागड्या कूलरला हरवतो. मुंबईच्या दमट हवेत कूलर म्हणजे नुसताच आवाज करणारा पंखा. कोरड्या आणि निरभ्र हवेतून रात्री जमिनीची उष्णताही वर निघून जाते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे चादर लागते आणि दुपारी टोपी.

जूनचं वारं आणि दिवे घाट

उन्हाळ्यात राजस्थान-पाकिस्तानच्या बाजूची जमीन भयंकर तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि खाली हवेचा दाब कमी होतो. त्याच वेळी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात हवा थंड आणि दाब जास्त. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघतो, विषुववृत्त ओलांडतो, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतो. सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वेग घेऊन तो अरबी समुद्र पार करतो आणि बाष्पाने भरून कोकणात धडकतो. जमिनीपासून दीड-एक किलोमीटर उंचीवर हा वारा सर्वांत जोरात असतो. सोलापुरात जून-जुलैत जे भणाणतं वारं असतं, ते याचंच.

आता सह्याद्री. हवा वर चढली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती फुगते, आणि फुगताना गार होते. कोरडी हवा किलोमीटरमागे साधारण दहा अंशांनी गार होते. गार हवेत बाष्प कमी मावतं, म्हणून जास्तीचं पाणी थेंब होऊन ढग तयार होतो. ढग झाल्यावर बाष्पाने धरून ठेवलेली उष्णता बाहेर पडते, त्यामुळे पुढचं गार होणं जरा मंदावतं, किलोमीटरमागे पाच-सहा अंश. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो तो यामुळे. डोंगर ओलांडून हवा खाली उतरते तेव्हा सगळं उलटं होतं. ती दाबली जाते आणि तापते. सायकलला हवा भरताना पंपाची नळी गरम लागते, तसंच. गरम हवेत बाष्प मावायला जागा वाढते, ढग विरतात, आणि जे उरतात ते वाऱ्यावर स्वार होऊन पुढे निघून जातात.

हे पुस्तकात वाचण्यापेक्षा वारीत चालून बघावं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते तेव्हा वारकऱ्यांच्या डोक्यावर प्लास्टिकचे कागद असतात. पुणे सोडून दिवे घाट चढला, सासवड-जेजुरी मागे पडली, नीरा ओलांडून लोणंद-फलटण आलं की कागद पिशवीत जातात. नातेपुते, माळशिरसच्या वाटेवर कित्येक वर्षी पालखीसोबत धूळच चालत असते. पर्जन्यछायेचा इतका चांगला उभा छेद दुसरा कुठे पायाखालून जात नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे, साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास, आणि माळशिरस, सांगोल्यात त्याहूनही कमी.

पण इथेच शाळेतलं उत्तर अडखळतं. पाऊस फक्त पश्चिमेकडून येत असता, तर पूर्वेला जावं तसतसा तो कमीच होत गेला पाहिजे. तसं होत नाही. सोलापूर जिल्ह्यातच बघा: पश्चिमेचे माळशिरस, सांगोला जास्त कोरडे आणि पूर्वेचं अक्कलकोट, ईशान्येची बार्शी त्यामानाने बऱ्या. आणखी पूर्वेला लातूर त्याहून पावसाळी, नांदेड नऊशेच्या घरात, नागपूर तर अकराशेच्या आसपास. समुद्रापासून लांब जावं तसा पाऊस वाढतोय. अरबी समुद्रापासून लांब, म्हणजे बंगालच्या उपसागराच्या जवळ.

सप्टेंबर

माझ्या मते सोलापूरच्या हवामानाची किल्ली या एका महिन्यात आहे. कोकणात आणि घाटात जुलै हा पावसाचा राजा. सोलापुरात जूनमध्ये बऱ्यापैकी पाऊस, जुलै-ऑगस्टमध्ये ओढ, आणि सर्वांत जास्त सप्टेंबरमध्ये. आलेख काढला तर दोन उंचवटे आणि मध्ये खळगा दिसतो.

असं का? जुलै-ऑगस्टमध्ये मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा गंगेच्या मैदानावर असतो. बंगालच्या उपसागरात तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रं त्याच वाटेने ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेशाकडे जातात. विदर्भाला त्यांचा लाभ होतो, सोलापूर फार दक्षिणेला राहतं. सप्टेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे सरकतो आणि त्याच्यामागे हा पट्टाही खाली येतो. मग उपसागरातली काही क्षेत्रं आंध्रचा किनारा ओलांडून तेलंगणामार्गे थेट आपल्या दिशेने निघतात. वाटेत त्यांना आडवा येईल असा सह्याद्रीएवढा डोंगर नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पश्चिमेचं ते भणाणतं वारं सप्टेंबरमध्ये मंदावतं. ढग एका जागी थांबून वाढू शकतात. सकाळी ऊन पडतं, ओली जमीन तापते, दमट हवा वर उसळते आणि दुपारनंतर बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा काळा ढग उभा राहतो. मग विजा, गडगडाट आणि तासाभरात शेताचे बांध फोडणारा पाऊस. एका शिवारात पाणीच पाणी आणि दोन कोसांवर कोरडं, हा प्रकार याच ढगांचा. मे महिन्यातला वळीवही याच जातीचा, फक्त तेव्हा खालची हवा फार कोरडी असते. पडणारे थेंब वाटेतच वाळतात, त्यामुळे हवा एकदम गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर पसरते. पावसाआधी धूळ उडवत, पत्रे वाजवत येतो तो गार झोत हाच. त्याच ढगाच्या वरच्या भागात थेंब गोठून मोठे झाले की गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेली गारपीट द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या अजून लक्षात आहे.

पूर्वेकडच्या पावसाचा सगळ्यात ठळक दाखला म्हणजे ऑक्टोबर २०२०. उपसागरातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र १३ ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं. त्या रात्री हैदराबाद बुडालं. दुसऱ्या दिवशी सोलापूर, पंढरपूर. नंतर ते क्षेत्र महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रात उतरलं. म्हणजे आपल्याकडचा प्रचंड पाऊस पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला, पुस्तकातल्या बाणाच्या बरोबर उलटा.

आणि सप्टेंबर २०२५. सीनेच्या पुराने माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूरची गावं पाण्याखाली गेली. हा पूर भीमेचा नव्हता, सीनेचा होता, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. भीमा घाटातून येते, तिचा पूर बहुधा जुलै-ऑगस्टचा, पश्चिमेच्या पावसाचा. वर धरणं असल्यामुळे विसर्गाच्या आकड्यांवरून त्याची आगाऊ चाहूल लागते. सीना अहिल्यानगरकडून, धाराशिव-बीडच्या उतारांचं पाणी घेत येते, सगळी पर्जन्यछायेतली भूमी. एरवी तिच्या पात्रात वाळू जास्त आणि पाणी कमी. सप्टेंबरचे ढग त्या पट्ट्यावर अडून बसले की तीच नदी रात्रीत घात करते. हत्तरसंग कुडलला या दोन नद्या मिळतात. जिल्ह्याला दोन दिशांचे दोन पाऊस आहेत आणि प्रत्येकाची स्वतःची नदी आहे, असं म्हटलं तरी चालेल.

एक जोड द्यायला हवी. हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. त्यामुळे पाऊस पडायचा तेव्हा जास्त जोराने पडण्याची शक्यता वाढते. एखादा विशिष्ट पूर केवळ यामुळेच आला असं मात्र एवढ्यावरून म्हणता येत नाही.

काळी माती आणि कडक भाकरी

सप्टेंबरचा पाऊस खरिपाला उशिराचा. तो उपयोगी पडतो तो रब्बीला. आपली काळी माती प्राचीन लाव्हाच्या बेसॉल्ट खडकापासून बनलेली, चिकण आणि खोल. ती पाणी पिते आणि महिनोन् महिने धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरला ज्वारी पेरायची, आणि पुढे पाऊस न पडताही मातीतल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या गारव्यावर ती पिकवायची, हे या मुलखाचं शेतीशास्त्र आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच जोरावर, आणि मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण आजही मैदान राखून आहे. डाळिंबालाही हीच कोरडी हवा मानवते. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उगाच आलेलं नाही. आणि कडक भाकरी? ती दिवसेंदिवस मऊ न पडता टिकते, कारण हवेत तिला मऊ करायला पुरेसं बाष्पच नसतं. कोकणात करून बघा.

सरासरी नावाची फसवणूक

आज काय घडतंय ते हवामान, आणि एखाद्या जागेची दीर्घकाळची सवय म्हणजे जलवायुमान. ती सवय ठरवायला निदान तीस वर्षांच्या नोंदी लागतात. कोपेन या शास्त्रज्ञाच्या वर्गीकरणात सोलापूर उष्ण अर्धशुष्क प्रकारात बसतं. इथलं ऊन आणि वारं वर्षभरात जितकं पाणी वाफ करून नेऊ शकतात, ते पडणाऱ्या पावसाच्या दुपटीहून जास्त आहे.

पण अर्धशुष्क भागात सरासरी हा आकडा फार भरवशाचा नसतो. कोकणात पाऊस सरासरीपेक्षा थोडा इकडे-तिकडे होतो. आपल्याकडे मोजक्या दहा-पंधरा मोठ्या पावसांवर वर्ष अवलंबून असतं. त्यातले चार हुकले की दुष्काळ, चार जास्त झाले की पूर. १९७२ सगळ्यांना माहीत आहे. अलीकडे २०१२, २०१५, २०१८. यातल्या १९७२ आणि २०१५ या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता, म्हणजे तिथलं मध्य आणि पूर्वेकडचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलेलं होतं. त्यामुळे आपल्याकडची हवा वर उठण्याऐवजी दबून राहते आणि मान्सून अशक्त होतो. पण हा नियम लोखंडी नाही. १९९७ साली एल निनो जबरदस्त होता, तरी देशाचा मान्सून साधारण सरासरीइतका झाला.

सोलापुरात जानेवारीत भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत वासराची भाकणूक होते. त्याच्या वागण्यावरून यंदा पाऊस कसा, हे सांगितलं जातं. जानेवारीतच जूनचा पाऊस जाणून घ्यायची माणसाची घाई त्यात दिसते, आणि ती समजण्यासारखी आहे. शास्त्राला मात्र जानेवारीत जिल्ह्याचा पाऊस सांगता येत नाही. एल निनोसारख्या खुणांवरून एप्रिलमध्ये देशाचा ढोबळ अंदाज येतो, आणि अमुक भागात पाऊस कधी पडेल हे चार-पाच दिवस आधी बऱ्या विश्वासाने सांगता येतं.

ढगांना हात लावून पाहिला

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर मुक्काम ठेवून ढगांवर प्रयोग केला. विमानाने ढगांच्या तळाशी क्षाराचे बारीक कण सोडायचे. ते बाष्प ओढून मोठे थेंब बनवतात. कोणत्या ढगात कण सोडायचे आणि कोणते तसेच ठेवायचे, हे नशिबावर सोडलं होतं, म्हणजे तुलना प्रामाणिक व्हावी. निष्कर्ष असा आला की योग्य ढग मिळाल्यास सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत पाऊस साधारण अठरा टक्क्यांनी वाढू शकतो. ‘योग्य ढग मिळाल्यास’ हे शब्द बातम्यांतून हमखास गळतात. दुष्काळात आभाळच मोकळं असतं; तिथे विमान कितीही फिरवलं तरी उपयोग नाही.

अंदाज वाचताना

हवामान खात्याच्या नकाशात सोलापूर ‘मध्य महाराष्ट्र’ या विभागात येतं. महाबळेश्वरही त्याच विभागात. त्यामुळे ‘मध्य महाराष्ट्रात मुसळधार’ ही जुलैतली बातमी बहुतेक वेळा घाटमाथ्याची असते. विभागाऐवजी जिल्ह्याचा अंदाज बघावा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे पाव भागापेक्षा जास्त ठिकाणी पाऊस नाही; तुमच्या गावी आला नाही म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. ‘जोरदार’ हा शब्द खातं ढोबळपणे वापरत नाही. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो जोरदार. आणि सप्टेंबर उजाडला की मुंबईकडे बघणं सोडून नकाशाच्या उजव्या बाजूला, विशाखापट्टणम ते काकीनाडा या किनाऱ्यासमोर काय तयार होतंय ते बघावं. तिथलं क्षेत्र ओडिशाकडे वळलं तर आपल्याला फारसं काही नाही. तेलंगणाच्या दिशेने निघालं, तर दोन-तीन दिवसांत पाऊस सोलापुरात असतो. पेरणीची घाई असणाऱ्याने आणि सीनाकाठी जनावरं बांधणाऱ्याने तेवढ्या वेळात आपापलं बघून घ्यावं.